त्या दिवशी तेल दिलं नाही

आषाढात तेल सिद्ध करायला घेऊ नये, असं माझे सासरे म्हणायचे. लाकूड ओलं, हवा ओली, परीक्षा फसते. पण कुडाळजवळच्या आमच्या गावात तेलाला मागणी येते ती नेमकी लावणीतच. दिवसभर वाकून तरवा लावणाऱ्या बायकांची कंबर धरते, जोतावरच्या पुरुषांच्या पोटऱ्या भरून येतात. मग भर पावसात पडवीतली चूल पेटवावी लागते.

घरोघरी खोबरेल असलं तरी वाताच्या दुखण्याला मी तीळतेलच घेते. ढोबळ माप एक, चार, सोळा: किलोभर कल्क, म्हणजे वाटलेल्या औषधींचा गोळा, चार लिटर तेल, सोळा लिटर काढा. निर्गुडीचा पाला माझ्याच कुंपणाचा. एका दिवसात हे उरकायचं नसतं. आज कढवून रात्रभर ठेवायचं, उद्या पुन्हा मंद आचेवर. शेवटची अर्धी घटका सगळ्यात अवघड. कल्क बोटांत वळून पाहायचा, वात झाली की ती आगीत धरायची. चटचट वाजली तर पाणी शिल्लक आहे. तेलाला फेस येऊ लागला की झालंच समजायचं; तुपाचं उलटं, फेस बसला की तूप झालं. अंगाला लावायचं तेल खरपाकाचं, म्हणजे कल्क जरा कडक होईस्तोवर. त्यापुढे क्षणभर गेलं की जळलं. दुकानात ‘आयुर्वेदिक मसाज ऑइल’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक बाटल्यांवर बारीक अक्षरांत लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, लिहिलेलं असतं. त्यात कापूर, पुदिन्याचं सत्त्व. लावलं की गार वाटतं, लोक खूश.

फेस यायला लागला होता, तेवढ्यात खालच्या वाडीतल्या काकी मुलाला रिक्षातून घेऊन आल्या. मुलगा एरवी ट्रॉलरवर असतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून घरच्या चिखलणीला उतरलेला.

“वैद्यबाय, निर्गुडीचा तेल देवा. झिलाच्या पोटऱ्यांका हातय लावूक देना नाय.”

आदल्या रात्री त्यांनी तेल चोळलंही होतं, माझ्याचकडचं. अंग गरम लागत नव्हतं, पण विचारल्यावर कळलं की तापाची गोळी घेऊन तासच झाला होता; ताप दोन दिवसांपासूनचा. पोटरीवर नुसतं बोट टेकवलं तर गडी कळवळला. श्रमाची पोटरी अशी दुखत नाही. ती दाबली की उलट बरं वाटतं, माणूस “अजून जोरात” म्हणतो. डोळे लालभडक, पण चिपाड नाही, पाणी नाही. टाचेला भेग पडलेली. लघवी सकाळपासून एकदाच, चहासारखी.

“रात्रभर जागलो तो, म्हणान डोळे लाल,” काकी म्हणाल्या.

चुलीतली लाकडं ओढून काढली आणि काकींना सांगितलं, तेल नाही, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. नव्या तापात अभ्यंग वर्ज्य हे चरकांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, पण मला घाई त्यापेक्षा लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या, संशयामुळे होती. उंदरांच्या मुतानं दूषित झालेलं शेतातलं पाणी, त्यात उघडी जखम. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस, काहीही धरतो.

“समोर कढयभर तेल आसा आणि तुम्ही नाय म्हणतास?” काकींचा आवाज चढला. रिक्षावाल्यानंही “नुसती पोटरी तर दुखता” म्हणून घेतलं. आमच्याकडे रिक्षावाल्यांना निदान फुकट करता येतं.

चिठ्ठीवर ताप, पोटऱ्या, डोळे, लघवी, चिखलातलं काम, सगळं लिहून दिलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी चिठ्ठी वाचण्याआधी पायाचा वास घेतला म्हणे, आणि “तेलं चोळत बसता” म्हणून काकींना झापलं. मग वाचली. रक्त तपासलं, लेप्टोच निघाला. प्लेटलेट उतरलेल्या, क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आलेला. शिरेतून अँटिबायोटिक दिली, डायलिसिसची वेळ आली नाही. लेप्टो होऊ नये म्हणून लावणीआधी गावात वाटलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या त्याच्या घरी कोनाड्यातच होत्या. जळजळ होते म्हणून कोणी घेत नाही. उपाशीपोटी घेतली तर होतेच, पण जेवून भरपूर पाण्याबरोबर घ्या हे सांगायला कुणी थांबत नाही.

माझं तेल लोकांना पहिलं आठवतं, याचा मला अभिमान होता. अजूनही आहे. पण त्या रात्री ते घरात नसतं, तर काकी त्याला आदल्याच दिवशी दवाखान्यात घेऊन गेल्या असत्या का? की दुकानातली गार बाटली आणली असती? यावर माझं मन ठरत नाही.

काकींचं मात्र ठरलंय. “आधी तेल लावललंय म्हणान ताप पोटऱ्येतच रवलो, वर चडाक नाय,” असं त्या वाडीभर सांगतात. त्याचा परिणाम म्हणजे पुढच्याच आठवड्यात दोघे जण पोटरीसाठी तेल मागायला आले. दोघांनाही आधी ताप विचारला, डोळे पाहिले, लघवीचा रंग विचारला. एकाला नुसते श्रम होते, तो बाटली घेऊन गेला. दुसऱ्याला ताप होता. त्याला पाठवलं, आणि तोही माझ्यावर रागावूनच गेला.