मी स्वप्न पडले

मंगळवार, रात्रीचे ११ वाजून गेलेत

सकाळी चिऊ डोळे चोळत स्वयंपाकघरात आली, खुर्चीवर चढली आणि म्हणाली, "आई, मी रात्री वाईट स्वप्न पडले."

मी पोहे परतत होते. मान न वळवताच म्हटलं, "'मला पडलं' म्हण. मला स्वप्न पडलं."

"मला पडलं," ती म्हणाली. पोहे खाल्ले, जॅकेट चढवलं, शाळेत गेली.

स्वप्न काय होतं ते मी विचारलंच नाही. हे लक्षात आलं बस इथल्या, स्वीडनमधल्या उप्सालाच्या स्टेशनपाशी पोचल्यावर, आणि तेव्हापासून कुसळ रुतल्यासारखं झालंय. पोरगी कुठेतरी पडल्याचं सांगत होती आणि आई विभक्ती तपासत होती.

बरं, चूक तरी कशी सफाईदार. नुसतं 'मला'चं 'मी' करून ती थांबली नाही. स्वप्न नपुंसकलिंगी, म्हणून 'पडलं'. तिने क्रियापदही आपल्याकडे वळवून घेतलं, 'पडले'. म्हणजे वाक्याचा कर्ताच बदलला, अगदी रीतसर.

स्वीडिशमध्ये स्वप्न कुणाला पडत नाही. 'याग द्रोम्दे', मी स्वप्नले, बस. पण हे पहिल्यापासून असं नव्हतं. आइसलँडमध्ये आजही 'मिग ड्रेय्म्दी' म्हणतात, म्हणजे मला. जुन्या स्वीडिशचीही तीच रीत. ऑफिसात ज्याच्या त्याच्या तोंडी असतं ते 'याग त्युक्केर', मला वाटतं या अर्थाचं, तेसुद्धा एकेकाळी 'मिक'ने, म्हणजे 'मला'ने, सुरू व्हायचं. मग मध्ययुग सरता सरता नामांचे प्रत्यय झिजले. 'राजा' आणि 'राजाला' दिसायला सारखेच झाले, तेव्हा वाक्यात जो पहिला उभा तोच कर्ता, अशी लोकांच्या कानाला सवय लागली. शेवटी 'मिक'चाही 'याग' झाला. त्यांना पिढ्यानपिढ्या लागल्या. माझ्या लेकीने सात वर्षांत उरकलं.

आइसलँडचं तर आणखी मजेशीर. तिथली मुलं 'मिग लाउंगार' (मला हवंसं वाटतं) याऐवजी 'मेर लाउंगार' म्हणतात, द्वितीयेच्या जागी चतुर्थी, आणि मोठी माणसं त्याला चक्क 'चतुर्थीचा आजार' म्हणतात. आपल्याला हा आजार व्हायची सोयच नाही. द्वितीया काय, चतुर्थी काय, दोन्हीकडे 'स ला ते'. 'मला' तो 'मलाच'.

हसू आलं, पण ते टोचणं गेलं नाही. या घरात मराठी म्हणजे मी एकटी. तिचा बाबा दिवसभर कॉलवर इंग्रजीत, शाळा स्वीडिश, आजी आठवड्यातून एकदा स्क्रीनवर. मी गप्प बसले की इथलं मराठी गप्प. मग मी एक 'मी' सोडून दिला तर उद्या 'मी भूक आहे', परवा 'मी थंडी आहे', आणि त्यानंतर... जाऊ दे. आईचा आज फोन आला होता. उचलला नाही. ते वेगळं.

आणि टोकणारी मी कोण? तळमजल्यावरच्या धुलाईघरात मागच्या आठवड्यात मी चिठ्ठी चिकटवली होती, 'ईदाग याग त्वेत्तर', आज मी कपडे धुतेय. चिऊने पेन्सिलीने दोन बाण काढले, 'याग' उचलून 'त्वेत्तर'च्या पलीकडे ठेवला. स्वीडिशमध्ये 'आज' पहिलं आलं की क्रियापद दुसरं, मग कर्ता. दहा वर्षं राहून माझ्या तोंडात हे बसलेलं नाही. स्टॉकहोमच्या रिंकेबीसारख्या वस्त्यांतली तरुण मुलंही 'ईदाग याग' म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ ऊल्ला-ब्रित कोट्सिनास यांनी १९८० च्या दशकात त्यांच्या बोलीचा अभ्यास केला, तिला 'रिंकेबी स्वीडिश' असं नाव मिळालं. त्या मुलांमधल्या अनेकांना नियम येतो, ती तो हवा तेव्हा मोडतात. माझा आपोआप मोडतो, त्याला कोण बोली म्हणणार?

स्वीडिशच्या वर्गातही हेच. 'की मला वेळ आहे नाही' अशा धर्तीवर गौण वाक्यात नकार मी क्रियापदाच्या मागे टाकायचे आणि बाई लाल गोल काढायच्या. नकार आधी, क्रियापद नंतर. नंतर कुठेतरी वाचलं की जुन्या स्वीडिशमध्ये माझ्यासारखीच रचना चालायची, आइसलँडमध्ये अजून चालते. म्हणजे मी चुकले नव्हते. पाचशे वर्षं उशिरा आले होते.

परत येताना विद्यापीठाच्या बागेतल्या रुनी शिळांपाशी, म्हणजे जुन्या रुनी लिपीत कोरलेल्या स्मारकशिळांपाशी, थांबले. अकराव्या शतकातल्या. मजकूर बहुतेक एकाच साच्याचा: अमक्याने उभा करवला 'दगड हा', 'बाप आपला' याच्या स्मरणार्थ. आज स्वीडिशमध्ये 'हा दगड', 'आपला बाप'. 'हा' आणि 'आपला' केव्हातरी उठून पुढे जाऊन बसले. तेव्हाही कुणी आई पोराला टोकत असेल, 'दगड हा' म्हण रे. आणि पोरगं बापाबद्दल काय सांगत होतं ते राहून गेलं असेल.

शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या. त्यांना सांगितलं, तर हसल्या. म्हणे, आम्ही शाळेत 'वी ऐरु' लिहायचो, आम्ही आहोत, अनेकवचनी. बोलताना मात्र 'वी ऐ', एकवचनीच. १९४५ मध्ये स्वीडनच्या वृत्तसंस्थेने बातम्यांतून ती अनेकवचनी रूपं काढून टाकली आणि बघता बघता छापील मजकुरातूनही गेली. "बाईंच्या छड्या फुकट गेल्या," आजी म्हणाल्या, आणि त्यांची पिशवी मला धरायला दिली.

रात्री चिऊच्या पांघरुणात शिरले. विचारलं, "काय गं, काय स्वप्न पडलं होतं?" बोलताना जपून 'तुला' गाळलं.

तिने बराच वेळ छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "मिन्स इंते."

आठवत नाही. त्यात ना 'याग', ना 'मिग'. मराठीत म्हणाली असती तरी 'मला' लागला नसता, 'मी'ही नसता.

ती झोपल्यावर खाली जाऊन आले. उद्या धुलाईघराची पाळी सकाळी ७ ची आहे. चिठ्ठी तिच्याकडूनच लिहून घेतली होती.