हिहोनमध्ये चौघांत एक ग्लास

माद्रिदचे तीन दिवस आणि बिल्बाओचे दोन यांवर मी लिहिणार नाही. म्युझियमं पाहिली, पाय दुखले, फोटो काढले. मला लिहायचंय ते उत्तर स्पेनमधल्या हिहोनबद्दल, आणि तिथल्याही एका ग्लासाबद्दल.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, दादा आणि वहिनी. चौघंही महिन्या-दोन महिन्यांतून एकदा घेणारे, पण आवडीनिवडी पक्क्या. दादाला लागर, म्हणजे हलकी पिवळी बिअर लागते, तीही दात शिवशिवतील इतकी गार. नवरा पुण्यातल्या ब्रूपबमधल्या व्हीट बिअरवर खूश. आयपीए ही कडवट बिअर मात्र त्याला घशाखाली उतरत नाही, तिला तो काढा म्हणतो. वहिनीला बिअरचा वासच सोसत नाही. तिला सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू हवी, बहिणीकडे लंडनला गेली असताना बर्फ घालून प्यायलेली, गोड. मला ती गोड सायडर नकोशी होते, लिमलेटच्या गोळ्या पाण्यात विरघळवल्यासारखी लागते. मी आंबटाची. लहानपणी आजोळी, वेंगुर्ल्याकडे, सकाळची ताजी माडी घोटभर मिळायची. संध्याकाळपर्यंत तीच माडी फेसाळून आंबट झालेली असायची आणि ती फक्त मोठ्यांची असायची. मला आवडायचा तो संध्याकाळचा वास.

माद्रिदमध्ये दादाला ‘कान्या’ सापडली. जेमतेम दोनशे मिलीलीटरचा छोटा ग्लास. पहिल्या दिवशी तो वैतागला, चार घोटांत संपते म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की ग्लास छोटा असल्यामुळे शेवटचा घोटही गारच राहतो, आणि मग त्याने मोठा ग्लास मागितलाच नाही. वहिनीने ‘क्लारा’ शोधली, म्हणजे लिंबाचा सोडा घातलेली बिअर. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर दोघं एका टेबलावर बिअर पिताना मी पहिल्यांदा पाहिली.

बिल्बाओहून हिहोनला बसने गेलो, चारेक तास लागले. उजवीकडे अधूनमधून समुद्र, डावीकडे ढगांत गेलेले डोंगर आणि बारीक पाऊस. कोळशासारख्या रुक्ष स्पेनची तयारी करून आलेली मी खिडकीला नाक लावून बसले होते, अगदी आपल्या कणकवली-सावंतवाडीच्या रस्त्यासारखी हिरवळ. या भागाचं नाव आस्तुरियास. द्राक्षापेक्षा इथे सफरचंद जास्त मानाचं, म्हणून वाइनची जागा सायडरने घेतलेली. तिला म्हणतात ‘सिद्रा’. झाडंही आपल्या हापूससारखीच, एक वर्ष लगडतात आणि पुढच्या वर्षी हात आखडतात.

पहिल्या संध्याकाळी चूक झाली. बंदराजवळच्या, बाहेर चित्रांचा मेनू लावलेल्या एका ठिकाणी बसलो. वेटरने हिरवी बाटली आणली, तिच्या तोंडावर बॅटरीवर चालणारा पंप बसवला आणि निघून गेला. बटण दाबलं की नळीतून सिद्रा ग्लासात उडते. दादाला ते यंत्र फार आवडलं. मला त्या सिद्रात भिजलेल्या गवताचा वास आणि व्हिनेगरची झाक एवढंच लागलं. वहिनीने एक घोट घेऊन ग्लास बाजूला सारला. “ही खराब झालीय,” ती म्हणाली. तिच्या नावडत्या यादीत सिद्राने त्या रात्री पहिला नंबर पटकावला. मलाही वाईट वाटलं, कारण या एका गोष्टीसाठी मी सगळ्यांना एवढं लांब आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी सिमावियात, म्हणजे टेकडीवरच्या जुन्या कोळीवस्तीत, एका ‘चिग्रे’त शिरलो. चिग्रे म्हणजे सिद्राचा गुत्ता, पण गुत्ता म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतं ते नव्हे. आज्या होत्या, बाबागाडीतलं बाळ होतं. जमीन ओली, बुटांना चिकटणारी. आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. मला गर्दीचा त्रास होतो आणि मी परत फिरणार होते.

तेवढ्यात साठीच्या पुढचा एक माणूस बाटली घेऊन आला. ग्लास एकच. त्याने बाटलीचा हात डोक्याच्या वर सरळ ताणला, ग्लासाचा हात मांडीपर्यंत खाली सोडला, ग्लास तिरका धरला आणि ओतायला लागला. दोऱ्यासारखी बारीक धार. तो ना बाटलीकडे बघत होता, ना ग्लासाकडे, समोरच्या भिंतीकडे कुठेतरी बघत होता. धार ग्लासाच्या आतल्या काठावर आपटली, चर्र आवाज झाला, आणि तळाशी दोन-तीन बोटं सिद्रा दुधाळ होऊन उभी राहिली. एवढ्याशा घोटाला ‘कुलिन’ म्हणतात.

मी ग्लास घेतला, उजेडात धरला, फोटो काढला. तोवर फेस बसला होता. त्या माणसाने शांतपणे माझ्या हातातून ग्लास घेतला, आतली सिद्रा खाली नालीत टाकली आणि पुन्हा हात वर नेऊन ओतली. या वेळी ग्लास माझ्या हातात देऊन तो समोरच उभा राहिला. मी एका दमात प्यायले.

आदल्या रात्रीचं पेय ते हेच, यावर माझा विश्वास बसेना. आंबट होतंच, पण सफरचंदाची साल दाताखाली यावी तसं तुरट, ताजं, जिभेवर टोचणारं. सिद्रात वरून गॅस भरलेला नसतो. ती आपल्या माडीसारखी स्वतःच आंबते, तिच्यात सहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, ती गाळलीही जात नाही. जो थोडा वायू तिच्यात विरघळलेला असतो तो उंचावरून आपटल्यावरच सुटतो, आणि काही सेकंदांत उडून जातो. उंचावरून ओतण्यात दिखावा आहे असं मला वाटलं होतं, पण चव त्या आपटण्यातच आहे. यंत्राला ते साधलं नव्हतं, किंवा आम्ही तेव्हाही गप्पा मारत हळूहळू प्यायलो होतो.

आता पाळी वहिनीची. ती ग्लासाकडे बघत राहिली. तिचं माहेर सोवळ्याओवळ्याचं. दादाच्या ताटातला घासही ती घेत नाही, बाटलीचं पाणी वरूनच पिते. चौघांत एक ग्लास तिला जमणारं नव्हतं, आणि मला तिला भरीस घालायचं नव्हतं. त्या माणसाला भाषा कळली नाही, पण ती का थांबलीय ते कळलं. त्याने माझा ग्लास घेतला, तळाशी उरलेला घोट दाखवला, आणि मी ज्या काठाला ओठ लावले होते नेमक्या त्याच काठावरून तो घोट ओतून टाकला. काठ धुतला गेला. रीतच तशी आहे: सगळं प्यायचं नाही, शेवटचा घोट पुढच्यासाठी काठ धुवायला ठेवायचा. जमीन का चिकटत होती तेही मला तेव्हा समजलं.

उष्ट्याचा विचार माझ्या घराइतकाच या माणसांनीही केलेला होता, आणि तो करूनही त्यांनी ग्लास एकच ठेवला होता. 2024 च्या डिसेंबरात युनेस्कोने आस्तुरियासची सिद्रा-संस्कृती मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्या यादीत नेमकं काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही, माझ्यापुरती ती संस्कृती म्हणजे तो टाकून दिलेला घोट.

वहिनी प्यायली. डोळे मिटले, खांदे आखडले, आणि म्हणाली, “कैरीच्या सालीसारखं.” तीन बाटल्या झाल्या. सोबत काब्रालेस नावाचं निळ्या बुरशीचं चीज होतं, ते मात्र दादाशिवाय कुणाला खाववलं नाही. बिल आलं तेव्हा बाटलीला चार युरोही पडले नव्हते.

पुढचे दोन दिवस शेजारच्या ओविएदो शहरात गेले, गास्कोना नावाचा सिद्राच्या दुकानांनी भरलेला रस्ता पाहिला, छान होता. पण शेवटची संध्याकाळ आम्ही हिहोनलाच परत आलो, क्वेस्ता देल चोलोच्या उतारावर, जिथे लोक पायऱ्यांवर बाटल्या घेऊन बंदराकडे तोंड करून बसतात. पाऊस थांबला होता. नवऱ्याने ओतायचा प्रयत्न केला, निम्मी सिद्रा त्याच्या बुटांवर गेली. शेजारच्या घोळक्यातली एक मुलगी उठली, तिने बाटली घेऊन त्याचा कोपर वर ढकलला, आणि मग स्वतःच एक कुलिन ओतून त्यांचा ग्लास वहिनीपुढे धरला.

वहिनीने तो घेतला, लगेच प्यायली, शेवटचा घोट काठावरून दगडांवर सोडला आणि ग्लास परत दिला. दादा वरच्या दुकानातून स्वतःसाठी कान्या घेऊन येत होता.