खुनी कोण ते माहितीये, तरीपण

'कोलंबो' ही त्याच नावाच्या पोलिस डिटेक्टिव्हची जुनी अमेरिकन सिरीज बघताना आमच्या घरी सगळ्यात आधी येणारं मत म्हणजे "खुनी पहिल्याच पंधरा मिनिटांत दाखवला मगे, आता बघायचं काय?" हे काका बोलतात, आणि बोलून झालं की शेवटपर्यंत जागचे हलत नाहीत. फोंड्याकडच्या जत्रांतली नाटकं रात्र रात्र जागून बघणारा माणूस हा, कीचक मरणार हे प्रत्येक वेळी माहीत असतंच ना, तरी पहाटेपर्यंत बसतोच की!

परवा 'मर्डर बाय द बुक' लावला. १९७१ चा, सिरीजचा पहिला रेग्युलर एपिसोड, आणि दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, तेव्हा जेमतेम चोविशीतला पोरगा. सुरुवातीला म्युझिकच नाही, नुसता टाइपरायटरचा खडखडाट. दोघं पार्टनर मिळून रहस्यकथा लिहितात, म्हणजे खरं लिहितो एकटा जिम, आणि केन नुसता मिरवतो. जिम वेगळा व्हायचं म्हणतो तेव्हा केन त्याला लांबच्या केबिनवर नेतो, बायकोला फोन करून ऑफिसातच आहे असं सांगायला लावतो आणि फोन चालू असतानाच गोळी घालतो, म्हणजे तिला वाटावं खून लॉस एंजेलिसच्या ऑफिसात झाला.

भाचा म्हणाला आज मोबाईल लोकेशनवर पाच मिनिटांत सापडला असता. त्यावर बाबांचं म्हणणं, आपल्याकडे तेव्हा पणजीहून मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा, म्हणजे एक्स्चेंजवालाच पहिला साक्षीदार, असला खून इकडे जमलाच नसता. यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

मावशीला फक्त ती केबिनजवळची दुकानवाली लिली दिसत होती, जिला केनचं बिंग कळलेलं असतं. केनवर जीव टाकते, पैसेपण मागते, आणि त्याच्यासोबत एकटीच शॅम्पेन प्यायला बसते! "ब्लॅकमेल करायचं तर निदान चार माणसांत तरी बसायचं गो", असं मावशी टीव्हीलाच सांगत होती. आईला आवडला तो ऑम्लेटचा सीन, नवरा गेलेल्या बाईच्या किचनमध्ये शिरून कोलंबो तिला खायला करून घालतो, पोलिसांत असली माणसं कुठे मिळतात म्हणे.

माझं विचाराल तर शेवटचा पुरावा जरा लेचापेचाच. जिमच्या कागदांत हाच प्लॅन लिहिलेली चिठ्ठी सापडते, पण तेवढ्यावर कोर्टात काय टिकणार, वकील पहिल्याच तारखेला फाडेल. त्यापेक्षा ते टपालाचं भारी, पार्टनरची बॉडी यानेच आणून टाकलेली दारात पडलीय आणि हा गडी आलेली पत्रं उघडत बसलेला, तिथेच कोलंबोचं डोकं चालू होतं. पण खुनाची ती आयडिया, आयुष्यातली एकमेव चांगली, आपलीच होती हे केन शेवटी ज्या तोऱ्यात सांगतो ना, तिथे केन झालेल्या जॅक कॅसिडीला पैकीच्या पैकी. काका म्हणे, "नट बरा आहे, पण त्या कोलंबोला एवढ्या उन्हात रेनकोट कशाला?" मग त्यावरच अर्धा तास गेला.