आमची वाटचाल – विलीजवाल्यांनी उभं केलेलं आमचं वर्कशॉप

बरेच दिवस मुलगी मागं लागली होती की पप्पा आपलं वर्कशॉप कसं सुरू झालं ते एकदा लिहून ठेवा, येणारा प्रत्येक जण विचारतो आणि तुम्ही प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसता. म्हणून लिहायला घेतलंय. आम्ही जुन्या विलीज जीपांचे पार्ट करतो आणि त्या गाड्या दुरुस्त करतो.

आमचं मूळ काम लेथचं. वडिलांनी १९८४ ला कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एक जुना लेथ आणि एक ड्रिल मशीन घेऊन सुरुवात केली, ऑइल इंजिनचे, पंपाचे पार्ट, उसाच्या चरकाचे बुश असलं काम. उद्यमनगर ज्यांनी बघितलंय त्यांना माहिती आहे, एका गल्लीत ओतकाम, दुसऱ्या गल्लीत टर्निंग, तिसरीत ग्राइंडिंग, सकाळी पॅटर्न दिला तर दोन दिवसात तयार पार्ट हातात येतो. मी १९९८ ला आयटीआय करून वडिलांच्या हाताखाली लागलो. जीपचा आणि आमचा तोवर काही संबंध नव्हता.

२००५ च्या उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे एक रिटायर्ड हवालदार आले. (सैनिक टाकळी म्हणजे घरटी एक माणूस फौजेत असं ज्याबद्दल बोललं जातं तेच गाव.) आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. तात्या ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होते, आयुष्यभर जीप, शक्तिमान, वन टन, जोंगा असल्या फौजेच्या गाड्या खोलल्या आणि जोडल्या. त्यांच्या पाहुण्याकडं एक विलीज एमबी जीप होती, दुसऱ्या महायुद्धातली, मूळ पेट्रोल इंजिन अजून जाग्यावर. आणि हे फार मोठं होतं कारण आपल्याकडं बऱ्याच जीपांना नंतर डिझेल इंजिन बसवली गेली, मूळ इंजिन भंगारात गेली. तिच्या स्टीअरिंगला इतका प्ले होता की अर्धा फेरा फिरवला तरी चाक हलत नव्हतं. तात्यांनी एक झिजलेला पार्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पोरा, ह्याला बेल क्रँक म्हणतात. ह्याची पिन करून दे, बाकीचं मी बघतो."

पुढच्या अ‍ॅक्सलवर हा बेल क्रँक असतो आणि स्टीअरिंगचा सगळा जोर तो चाकाकडं वळवतो. तो झिजला की गाडी रस्त्यावर भटकायला लागते. पिन मी केली. बसवायच्या दिवशी संध्याकाळी लोडशेडिंग, सगळी गल्ली अंधारात, मी म्हणलं तात्या उद्या बघू. त्यांनी काय केलं तर हेडलाइटचा मागचा विंगनट ढिला केला आणि अख्खा हेडलाइट उलटा फिरवून इंजिनावर पाडला. विलीजचा हेडलाइट तसाच बनवलाय, रात्री रानात काम करता यावं म्हणून. ६ व्होल्टचा पिवळट उजेड, त्या उजेडात ६० वर्षांपूर्वीचं इंजिन, आणि तात्या शांतपणे पाना फिरवतायत. त्या रात्री मला ह्या गाड्यांचं वेड लागलं, ते अजून आहे.

शिकवायचे पैसे तात्यांनी घेतलेच नाहीत. मी त्यांच्याकडं शिकायला जायचो, दर रविवारी, ३ वर्षं. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. हे माहिती नसल्यामुळं किती जणांनी पाइप लावून जोर करून स्टड तोडलेत ते मी नंतर बघितलं. गाडी तापली की सगळे रेडिएटर बदलतात, तात्या म्हणायचे आधी ब्लॉकमधला गाळ काढ, रेडिएटरनं तुझं काय वाकडं केलंय. त्यांच्याकडं टीएम ९-८०३ ची झेरॉक्स होती, अमेरिकन आर्मीचं १९४४ चं मॅन्युअल, पानं तेलानं पारदर्शक झालेली. ती त्यांनी मला दिली आणि एकच अट घातली, कोण मागंल त्याला झेरॉक्स काढून द्यायची, पैसे फक्त झेरॉक्सवाल्याचे घ्यायचे. आजपर्यंत किती कॉपी गेल्या मोजलं नाही. तात्या २०१४ ला गेले.

तात्यांच्या पाहुण्याची गाडी रस्त्यावर फिरायला लागली आणि सांगलीचा एक जण आला, मग बेळगावचा, मग पुण्याचे दोघं. २००८ ला मी वडिलांच्या परवानगीनं अर्धं शेड फक्त जीपच्या कामाला दिलं. वडील म्हणाले, ह्याच्यावर घर चालणार नाही. बरोबरच होतं त्यांचं, पहिली दोन वर्षं घर पंपाच्या पार्टवरच चाललं.

आता मोठी चूक सांगतो कारण वाटचाल लिहायची तर तीही लिहायला पाहिजे. २०१० ला मी बेल क्रँकच्या पिना एकदम २५ केल्या. हार्डनिंग, म्हणजे पिन तापवून कडक करणं, बाहेरून करून घेतलं आणि आल्यावर चेक केलं नाही. वेळ नव्हता, ऑर्डर होत्या, पण ती काय सबब नाही, स्टीअरिंगचा पार्ट आहे, माणसाचा जीव त्याच्यावर असतो. ३-४ महिन्यांत पिना झिजायला लागल्या. पहिला फोन आला पुण्याच्या एका जीपवाल्या गिऱ्हाइकाचा, त्यांना आम्ही काका म्हणतो. मला वाटलं आता शिव्या बसणार. काका म्हणाले, तुझ्या पिना मऊ आहेत, मी माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना फोन करून गाड्या उभ्या करायला सांगितल्यात, तू घाबरू नको, परत कर. आणि ८ दिवसांनी त्यांच्याकडून पार्सल आलं, त्यात जुन्या ग्रीसच्या कागदात गुंडाळलेली मूळ पिन, कधीच न वापरलेली, त्यांनी स्वतःच्या गाडीसाठी कित्येक वर्षं जपून ठेवलेली. सोबत चिठ्ठी होती, हिचं माप आणि हार्डनेस दोन्ही घे, लागली तर कापून बघ.

कापून बघ! अशी पिन त्यांना परत मिळणार नव्हती. मी कापली नाही, बाहेरूनच हार्डनेस टेस्ट केली, सगळी मापं काढली आणि परत पाठवली. पण तो कागद अजून जपून ठेवलाय. २५ च्या २५ पिना मी स्वखर्चानं बदलून दिल्या, आणि त्या गिऱ्हाइकांतल्या एकानंही ही गोष्ट बाहेर बोभाटा करून सांगितली नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं असतं तर माझं नाव तिथंच संपलं असतं. त्यानंतर हार्डनेस टेस्टर आधी घेतला, घरातला टीव्ही नंतर.

ह्या लोकांमध्ये पार्ट विकत घेणं कमी आणि देणं जास्त चालतं हे मला हळूहळू कळलं. म्हापशाच्या एका डॉक्टरांकडं फोर्ड जीपीडब्ल्यू आहे. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, युद्धात जीप विलीजनं पण बनवली आणि फोर्डनं पण, डिझाइन एकच, एकाचा पार्ट दुसऱ्याला बसतो. ओळखायची कशी तर पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे चासीचा पुढचा आडवा दांडा, विलीजचा गोल पाइपचा, फोर्डचा उलट्या यू सारखा. आणि फोर्डनं आपल्या पार्टवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा एफ अक्षर उठवलं. आता ८० वर्षांत कुठल्या मेकॅनिकनं ते एफवाले बोल्ट जपले असतील? आटे गेले की बोल्ट भंगारात, नवीन साधा बोल्ट आत. डॉक्टरांची गाडी वर्षभर आमच्याकडं होती, सगळं झालं, बोल्ट मात्र साधेच. डॉक्टर म्हणाले असू दे, पण चेहरा दिसत होता.

मी हे कुठंतरी बोलता बोलता पुण्याच्या काकांना सांगितलं. पुढच्या महिन्यात काका एसटीनं आले, पिशवीत चिनी मातीची लोणच्याची बरणी, आणि बरणीत एफवाले बोल्ट! जुना बाजार, नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याची भंगाराची दुकानं, जिथं जातील तिथं एक एक बोल्ट वेचून २२ वर्षांत जमवलेले. काकांची स्वतःची गाडी विलीज आहे, त्यांना त्या बोल्टांचा काही उपयोग नव्हता, नुसतं भंगारात वितळू नयेत म्हणून गोळा करत होते. डॉक्टरांना फोन केला, ते गाडी काढून थेट आले. त्या दिवशी संध्याकाळी दोघंजण जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून मापाप्रमाणं बोल्ट लावत बसले होते, चहा गार झाला तरी कळलं नाही. ४३ बोल्ट लागले. डॉक्टरांनी किती विचारलं पैशाचं, काका म्हणाले, बरणी परत द्या, बायकोची आहे.

बरणी नंतर काकूंनीच आम्हाला देऊन टाकली, ती आता वर्कशॉपच्या कपाटात आहे. त्या कपाटातलं काहीही विकायचं नाही असा नियम आहे. फ्युएल पंपाच्या काचेच्या वाट्या, कार्ब्युरेटरचे जेट, जुने डिस्ट्रिब्युटर, स्विच, डॅशबोर्डवरच्या पाट्या, लोक आणून ठेवतात, ज्याला लागेल तो घेऊन जातो. आमच्या सीएनी पहिल्यांदा विचारलं होतं हा स्टॉक कुठं दाखवायचा. म्हणलं हा आपला नाहीच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला. आम्ही शिरोलीच्या बाजूला एक गोडाऊन भाड्यानं घेतलं होतं, त्यात दोन गिऱ्हाइकांच्या जीपा, चार इंजिन आणि ताडपत्रीचे नवीन हूड. हायवेच पाण्याखाली होता, तिथं जाणार कसं. त्या आठवड्यात इथल्या जीपवाल्यांनी स्वतःच्या गाड्या काढल्या, जिथवर चाक टेकतंय तिथवर पाण्याचे जार, दूध, औषधं पोचवली. माझं गोडाऊन कुणाच्या ध्यानात असायचं कारणच नव्हतं. पाणी उतरल्यावर मी गेलो तर आत गुडघाभर गाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावचे तिघं दारात उभे, फावडी घेऊन, मी फोन केला नव्हता. दुपारी सांगलीचा आला, त्याच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं असताना. चारी इंजिन त्याच दिवशी खोलली, डिझेलनं धुतली, तेल मारून ठेवली, एक दिवस उशीर झाला असता तर सिलिंडर गंजून गेले असते. ज्यांच्या जीपा बुडाल्या त्या दोघांनी दुरुस्तीचं बिल मागून घेऊन भरलं, मी नको म्हणत होतो तरी.

धंद्याचं म्हणाल तर आता आम्ही ७ जण आहोत. बेल क्रँक सेट, स्पिंडल बुश, शॅकल, एक्झॉस्टचे गॅस्केट हे नेहमीचं, आणि वर्षाला दोन-तीन गाड्या पूर्ण रिस्टोअर. २०२१ ला व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, ५० वर्षांवरची मूळ स्वरूपातली गाडी, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात व्हीए. तेव्हा पुण्याच्या एका वकील मित्रानं सगळे नियम मराठीत लिहून काढले आणि अजूनही कुणाला अडलं तर आरटीओत सोबत जातो, फी घेत नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही करत नाही. ऑलिव्ह ग्रीन रंग. तो फक्त सैन्याच्या गाड्यांसाठी आहे, कायद्यानंच. कितीही पैसे दिले तरी तो रंग आणि फौजेच्या नंबरप्लेटवरचा तो वर टोक असलेला बाण आमच्याकडं मारून मिळणार नाही. तात्यांच्या गावात किती घरांत भिंतीवर वर्दीतला फोटो आणि त्याला हार आहे ते मी बघितलंय.

वडील आता ७८ चे आहेत, दुपारी येऊन बसतात. परवा लातूरहून एक पोरगा आला होता आजोबांची जीप चालू करायची म्हणून, बॉनेटवर सात थर रंग, खाली मूळ फोर्डची बॉडी निघाली. वडिलांनीच उठून कपाट उघडलं आणि त्याच्यापुढं बरणी ठेवली. त्यानं ९ बोल्ट नेले. आत आता जेमतेम मूठभर राहिलेत, तेव्हा कुणाला भंगारात एफवाला बोल्ट दिसला तर उचला आणि इकडं येणाऱ्या कुणाकडंही द्या.