तुम्ही की तू

सबटायटलं लिहिणाऱ्या माणसाचा इंग्रजीतल्या 'यू'वर राग असतो. नवऱ्याला यू, न्यायाधीशाला यू, कुत्र्यालाही यू. मराठीत आणताना दर वेळी आपणच ठरवायचं, हे माणूस समोरच्याला अरे म्हणतंय की अहो. एरवी ते हातासरशी होतं. त्या शुक्रवारी मात्र रात्री नऊपर्यंत फाइल द्यायची होती, बाकी सगळं तयार होतं, आणि दोन बायका एकमेकींना काय म्हणतील एवढ्यावर मी अडून बसले होते.

चित्रपट 'द वर्ल्ड अनसीन'. शमीम सरीफ यांनी स्वतःच्याच कादंबरीवरून केलेला, २००७ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेलेला. काळ १९५२, देश दक्षिण आफ्रिका, माणसं बहुतेक हिंदुस्थानी वंशाची. अमीना पँट घालून फिरते, जेकब नावाच्या 'कलर्ड', म्हणजे मिश्र वंशाच्या, भागीदाराबरोबर कॅफे चालवते आणि लग्नाचा विषय काढू देत नाही. मिरियमला नवरा, मुलं, आडगावातलं दुकान आणि दिवसभराची कामं. शीतल शेठ आणि लिसा रे यांनी ही कामं केली आहेत. या दोघी एकमेकींच्या प्रेमात पडतात. शनिवारी एका छोट्या क्लबात तो मराठी सबटायटलांसह दाखवायचा होता. मानधन सांगण्यासारखं नव्हतं.

पहिल्या खर्ड्यात मी दोघींना सुरुवातीपासून 'तू' करून टाकलं होतं. साधारण एका वयाच्या दोघी, कशाला गुंता? पाहिल्यावर लगेच कळलं की चुकलं. पहिल्याच भेटीत 'तू' म्हटलं की प्रेमाला चालत जायला अंतरच उरत नाही. दुसऱ्या खर्ड्यात शेवटपर्यंत 'तुम्ही' ठेवलं, तर दोघी महिला मंडळाच्या पदाधिकारी वाटायला लागल्या. म्हणजे मध्ये कुठेतरी बदल हवा. पण कुठल्या ओळीला? इंग्रजीत ती ओळ नाहीच. ती मला शोधायची होती.

शेवटी शाळेतल्या मराठीच्या बाईंना फोन लावला. बाई खेड तालुक्यातल्या, कोकणी मुसलमान, आता निवृत्त होऊन मुंब्र्याला मुलाकडे असतात. मी ठाण्याला, म्हणजे मध्ये एक कळवा. "लॅपटॉप घेऊन ये, आणि जेवून येऊ नकोस," म्हणाल्या. विषय काय आहे हे फोनवर सांगायचं धाडस मला झालं नाही. ट्रेनमध्ये वाक्य जुळवत होते. दारातच एका दमात सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "बरं. भाकरी गरम आहे तोवर खा, मग बघू."

तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. मग चष्मा लावून बाई बसल्या ते शाळेतल्या वह्या तपासायला बसत तशाच.

पहिला घाव 'अहो'वर पडला. मिरियमच्या तोंडी नवऱ्यासाठी मी तीन ठिकाणी 'अहो' घातलं होतं. "ही काय सदाशिव पेठेतली आहे का?" बाई म्हणाल्या. "आमच्या घरात आई 'तुम्ही' म्हणायची, पण हाक नाही मारायची. समोर जाऊन उभी राहायची, मग बोलायची." तिन्ही 'अहो' गेले. अक्षरंही वाचली, कारण पडद्यावर एका वेळी दोनच ओळी असतात आणि माणूस त्या वाचून चेहराही बघू शकला पाहिजे.

'कलर्ड'पाशी थोडा वेळ गेला. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने तिथल्या प्रत्येक माणसाला गोरा, नेटिव्ह किंवा कलर्ड अशा खान्यात टाकलं. शंका आली की केसांत पेन्सिल खोचून बघत, पडते की अडकते. मी आधी 'रंगीत' लिहिलं होतं. "लोकांना टीव्ही आठवेल," बाई म्हणाल्या. 'कलर्ड' तसंच ठेवलं. वेगळ्या वस्त्यांसाठी एका ओळीत मी 'गावकुसाबाहेर' लिहिलं होतं. बाईंना आवडलं होतं, पण मीच काढलं. त्या शब्दाला आपल्याकडे त्याची स्वतःची माणसं आहेत. त्यांना उचलून पडद्यावर दुसऱ्याच कुणाच्या जागी बसवणं मला पटेना. बाईंनी वाद घातला आणि सोडून दिला.

मग मिरियमचा नवरा ओमर, त्याच्या बहिणीची, रेहमतची गोष्ट आली. तिने गोऱ्याशी लग्न केलेलं. मिश्र विवाहबंदीचा कायदा १९४९चा, तेव्हा ती परत आल्यावर पोलीस मागावर. बाईंनी थांबवायला सांगितलं.

"हिला पकडायला कायदा आहे. आणि त्या दोघींना पकडायला?"

मी आठवडाभर हेच वाचत होते, म्हणून सांगता आलं. अनैतिकता कायद्यातल्या १९५०च्या दुरुस्तीने गोऱ्यांचा इतर कुणाशीही शरीरसंबंध गुन्हा ठरला. जेकब आणि चित्रपटातली एक गोरी पोस्टमास्तरीण एकमेकांना जपून भेटतात ते त्यामुळेच. पण अमीना आणि मिरियम दोघी हिंदुस्थानी. १९६९ मध्ये समलिंगी संबंधांवर जे वेगळं कलम घातलं तेही पुरुषांपुरतंच. बायका त्यात नव्हत्याच.

"म्हणजे सरकारला सुचलंच नाही," बाई म्हणाल्या.

"नाही."

"घरच्यांना सुचलं असेल."

चित्रपटात तेच आहे. दारावर थाप पडते ती रेहमतसाठी. मिरियमला अडवायला नवरा, सासर आणि चार घरांतल्या बायकांच्या नजरा पुरतात. मी इतके दिवस कायद्यांची नावं मराठीत नीट बसवण्यात घालवले होते आणि हे वाक्य बाईंनी भांडी आवरता आवरता म्हटलं.

चहा झाला, आणि मी मूळ दुखण्यावर आले. माझी एक युक्ती बाईंनी पकडली होती. चित्रपटाच्या मधल्या भागात अकरा ओळी अशा होत्या की त्यात ना तू होतं ना तुम्ही. 'बसायचं का?', 'चहा चालेल?', 'उशीर झाला वाटतं.' दोन घोडे दोन दिशांना ओढत असले की मराठी माणूस असा मधून निघतो. नव्या सुना सासूशी महिनोन्महिने असं बोलतात. बाईंनी अकराच्या अकरा ओळी मोजल्या. मला वाटलं, आळशी म्हणतील. तर म्हणाल्या, "हे ठेव. इथेच तर त्या घाबरल्यात."

आणि मग कुठे? मी म्हटलं, पहिल्या चुंबनानंतर. सोपं उत्तर होतं ते, मला माहीत होतं. बाईंनी मान हलवली. मागे न्यायला लावलं, अमीना मिरियमला गाडी चालवायला शिकवते तिथपर्यंत. गाडीत दोघी शेजारी शेजारी बसलेल्या, समोरासमोर नाहीत.

"तुझ्या नवऱ्याने तुला गाडी शिकवली ना? तेव्हा तो कसं बोलला?"

"ओरडला."

"गाडी अंगावर जायला लागली की कुणी 'कृपया ब्रेक दाबा' म्हणत नाही. 'ब्रेक दाब' म्हणतं. तिथे सुटतं तोंडातून. मग परत 'तुम्ही'वर जाता येत नाही, गेलं तर ते लागतं."

मी तिथली एकच आज्ञार्थी ओळ बदलली. 'दाबा'चं 'दाब'. एक काना कमी. पुन्हा लावून बघितलं आणि खरंच, पुढचं सगळं त्या ओळीपासून सुरू झाल्यासारखं दिसायला लागलं. मिरियमला मात्र आणखी नऊ ओळी 'तुम्ही'च ठेवलं. तिला वेळ लागणारच. तिच्याकडे गमावण्यासारखं जास्त आहे.

काम संपलं होतं, पण बाई उठेनात. पडद्यावर मिरियमचा चेहरा थांबलेला होता.

"ही इंडियातून लग्न होऊन गेलेली दाखवलीय ना? कुठल्या साली?"

मी म्हटलं, १९५२च्या आधी. आणि मग, माहिती म्हणून, सांगितलं की १९५३मध्ये त्यांनी कायदा बदलून इकडच्या बायकांना तिकडच्या नवऱ्यांकडे जायला बंदी केली. लग्न त्यानंतर झालं असतं तर मिरियम पोचलीच नसती.

बाईंना हे साल माहीत होतं. पुस्तकातून नाही. रत्नागिरीच्या खाड्यांवरच्या गावांतून कोकणी मुसलमान विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून केपटाउनला जात होते, फळं-भाजी विकायला, दुकानांत, हॉटेलांत राबायला. बाईंचे चुलते त्यांतले. लग्न करून गेले, कागद झाले की बोलावतो म्हणाले. कागद झाले नाहीत. चाची गावातच राहिली. पैसे यायचे, पत्र यायचं, फोटो यायचा.

"पलीकडच्या घरात एक विधवा होती," बाई म्हणाल्या. "चाचीच्याच वयाची. आधी दोघींच्या अंगणांमध्ये कुडण, म्हणजे कुंपण, होतं. एका पावसाळ्यात ते पडलं, ते परत कुणी उभं केलं नाही. चूल एक झाली. तीस वर्षं. चारचौघांत एकमेकींना नावाने, अदबीने हाक मारायच्या. रात्री आम्ही पोरं झोपल्यावर नुसतं 'गो'. 'ऐकतंस गो?' एवढंच ऐकू यायचं."

मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं, आणि बाईंनी तरी मला काय सांगितलं होतं? एका चुलीबद्दल सांगितलं होतं.

पावणेआठला मी लॅपटॉप पुन्हा उघडला. चित्रपटाच्या शेवटाकडे अमीनाची एक ओळ होती, तिथे मी 'गं' लिहिलं होतं. ते खोडून 'गो' करावं असं क्षणभर वाटलं. बाईंना विचारलं. "नको," त्या म्हणाल्या. "शनिवारी बसलेल्यांना वाटेल टायपिंगची चूक आहे." त्या माझ्या मराठीच्या बाई आहेत, मी ऐकलं. 'गं' राहिलं.

आठ चाळीसला मुंब्रा स्टेशनच्या पुलावर उभी राहून फाइल पाठवली, कारण घरात रेंज नव्हती. ठाण्याला उतरेपर्यंत बाईंचा फोन.

"उद्या किती वाजता आहे?"

"साडेसहाला. तुम्ही येणार?"

"येईन. पण अक्षर मोठं कर जरा. मी मागे बसते."