स्वागतगीताला कॉर्ड लावताना

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेतून निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आपलं स्वागतगीत संगीताच्या सरांनी स्वतः बांधलं, भूप रागात. शब्द दरवर्षी कार्यक्रमपत्रिकेत छापले जातात, चाल मुलींच्या गळ्यातून पुढे जाते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शाळेत असताना पेटी आणि तबल्याच्या जोडीला त्यात गिटारही आली. ती गिटार त्या गाण्यात कशी बसवली, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. सर आज नाहीत. म्हणून ते मी लिहून ठेवते.

गिटार माझी नव्हती. शेजारच्या घरातला दादा चर्चच्या क्वायरमध्ये वाजवायचा, त्याची होती. वेंगुर्ल्यात आमच्या आळीत पलीकडच्या चार-पाच घरांत नाताळच्या आधी महिनाभर गाण्यांची तयारी चालायची आणि आम्ही मुलं पायरीवर बसून ऐकायचो. पायरीवरून मला आत बोलावून त्याने एक दिवस गिटार माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "बोटां दुखतली गो, पन सोडू नको." पोलादी तारा कोवळ्या बोटांत रुततात. घट्टे पडेपर्यंत कशाला हात लावायलाही बोटं नकोशी होतात. बोट दोन पडद्यांच्या, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या काड्यांच्या, मध्ये कुठेही न दाबता पुढच्या पडद्याला लागून दाबायचं, म्हणजे कमी जोरात सूर स्वच्छ येतो, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. मग त्याने जी, सी आणि डी हे तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सुरांचे गुच्छ, शिकवले. या तिघांत मिळून सा ते नी सातही शुद्ध सूर येतात, म्हणून शेकडो गाणी एवढ्यावर वाजतात. त्याची क्वायर तशीच वाजवायची.

स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा मी सरांना विचारलं, स्वागतगीतात गिटार घेऊ या का? सर पेटीवाले. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रांत दशावताराला आणि एरवी भजनाच्या डबलबारीला त्यांची पेटी असायची. त्यांनी "बघू" असं म्हटलं नाही, "उद्या घेऊन ये" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर संगीताच्या खोलीत बसलो. पेटीचा सूर जागच्या जागी बदलता येत नाही, त्यासाठी आतली रीड घासावी लागते. म्हणून गिटारच पेटीला जुळवायची. शाळेची पेटी बरीच जुनी होती, तिचे सूर जरा चढे होते. बाहेरून कुठून जुळवून आणलेली गिटार तिच्याशी जमलीच नसती. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत दादाने मला इंग्रजी नावं शिकवली होती: ई, ए, डी, जी, बी, ई. सरांनी त्या सुरांच्या पट्ट्या पेटीवर दाबल्या: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा वरची पांढरी तीन. मी खुंट्या पिळत होते, सर भाता मारत होते. सहाही तारा जुळल्या तेव्हा ते म्हणाले, "कुठेही बोट ठेवू नकोस. नुसता हात फिरव."

मी फिरवला. सरांनी पांढरी पाच धरून ठेवली आणि त्या सुराला सा मानून तारांचे सूर एकेक गाऊन दाखवले: ध, रे, प, सा, ग, ध. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, हा भूप आहे!"

आणि होताच. भूपात म आणि नी वर्ज्य, उरतात सा रे ग प ध. जी ही तार सा धरली तर गिटारच्या सहा मोकळ्या तारांत नेमके हेच पाच सूर आहेत, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. पुढे आयुष्यात मला खूप गिटारवाले भेटले, त्यांना हे सांगितलं की ते लगेच वाजवून बघतात. त्या दिवशी मात्र सरांना झालेला आनंद वेगळाच होता. त्यांनी बाहेरच्या व्हरांड्यातून तबलावाल्या मुलालाही हाक मारून आत बोलावलं आणि मला पुन्हा मोकळ्या तारांवरून हात फिरवायला लावला.

मग खरं काम सुरू झालं. प्रत्येक कॉर्ड वाजवायचा आणि त्यात कोणते सूर आहेत ते एकेक तार छेडून म्हणायचे, ही सरांची अट. जी मध्ये सा, ग, प. ठीक. सी मध्ये म, ध, सा. सर म्हणाले, "म आला. हा नको." डी मध्ये प, नी, रे. "नी आला." म्हणजे दादाच्या तीन कॉर्डांपैकी एकच शिल्लक राहिला. ई मायनर वाजवला. त्यात ध, सा, ग. तो एकदम चालला. पण प आणि रे वर थांबणाऱ्या ओळींना काहीतरी हवं होतं. ए मायनर करून बघितला तर त्यात रे आणि ध च्या मध्ये म बसलेला.

डी चा उपाय सरांनीच काढला. बारीक तारेकडून मोजायचं: तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या पडद्यात, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्यात, मधलं बोट पहिल्या तारेवर दुसऱ्या पडद्यात, अशी डी ची पकड. यातला नी कुठे आहे ते त्यांनी शोधून काढलं. तो एकट्या पहिल्या तारेवर होता, मधल्या बोटाखाली. "ते बोट उचल," म्हणाले. उचललं. नी गेला आणि मोकळ्या तारेचा ध आला. आता हातात प, रे, प, ध होते, चारही भूपातले. याला डी सस टू म्हणतात, हे मला कितीतरी वर्षांनी पुण्यात कळलं. आमच्यासाठी तो "बोट उचललेला डी" होता आणि तालमीत सर तसंच ओरडायचे: "उचललेला डी!"

कुठल्या ओळीला कुठला कॉर्ड, यासाठी सरांची रीत साधी होती. ओळ म्हणायची आणि ती कुठल्या सुरावर टेकते ते बघायचं. सा किंवा ग वर टेकली तर जी. ध वर टेकली तर ई मायनर. प किंवा रे वर टेकली तर उचललेला डी. मला ई मायनर फार आवडायचा, त्यात बोटं दोनच लागतात आणि आवाज भरदार येतो. मी त्यावर जास्त वेळ राहायला लागले की सर पेटी थांबवायचे. "ध वर एवढं रेंगाळू नकोस, देसकार डोकावेल." भूप आणि देसकार यांचे सूर तेच पाच, भूपात वादी, म्हणजे मुख्य सूर, ग, देसकारात ध. भूप संध्याकाळचा, देसकार सकाळचा. संध्याकाळच्या कार्यक्रमाचं गाणं कॉर्डांमुळे सकाळचं वाटायला लागू शकतं, हे त्या वयात ऐकलं आणि तेव्हापासून कुठलाही कॉर्ड धरताना त्यातला कुठला सूर पुढे येतोय इकडे कान जातो. मी पुढे रीतसर गिटार शिकले, हार्मनीची पुस्तकं वाचली, आज मुलांना शिकवते. त्या सगळ्याचा पाया तालमींच्या त्या पंधरवड्यात पडला, हे मी अगदी मनापासून लिहिते आहे.

अडचण पट्टीची होती. मुली काळी चारमध्ये गायच्या आणि जी म्हणजे पांढरी पाच, अर्धा सूर खाली. दादाकडे कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा, नव्हता, आमच्या गावात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दादानेच युक्ती सांगितली. कंपासपेटीतली षटकोनी पेन्सिल पहिल्या पडद्याच्या अलीकडे सहाही तारांवर आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकांना रबरबँड गुंडाळून दांडीच्या मागून घट्ट ओढायचा. पेन्सिलीची चपटी बाजू तारांवर नीट बसली तर खरखर येत नाही. सगळे सूर अर्ध्या सुराने वर गेले, पकडी त्याच राहिल्या आणि सा बरोबर काळी चारवर आला. खरा कॅपो पुढच्या वर्षी दादाने म्हापशाच्या बाजारातून आणून दिला.

ठेका केरवा. सरांनी स्ट्रोकही तबल्याच्या बोलांवरून बसवले. धा ला अंगठ्याने जाड तार, पुढच्या तीन मात्रांत उरलेल्या तारा, आणि पाचव्या मात्रेला, म्हणजे खालीला, जाड तारांना हातच लावायचा नाही. तबल्याचा डग्गा जिथे गप्प, तिथे गिटारचा खर्जही गप्प. एवढ्यानेच दोन वाद्यं एकमेकांच्या पायात येईनाशी झाली.

तालमी चालू असताना एका पालकांनी हरकत घेतली, शाळेच्या गाण्यात हे विलायती वाद्य कशाला म्हणून. सर चिडले नाहीत. त्यांनी पेटीवर हात ठेवून सांगितलं की हीसुद्धा युरोपातूनच आली. आपल्याकडच्या कारागिरांनी तिला हाताचा भाता लावून मांडी घालून वाजवण्याजोगी केली. याच पेटीवर आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत बंदी ठेवली होती, आणि त्या काळातही देवळातलं भजन तिच्यावाचून झालं नाही. "सुरात आहे ना, मग राहू दे," एवढं म्हणून ते पुढच्या ओळीकडे वळले. गिटार राहिली.

या सुवर्णमहोत्सवानिमित्त मी शाळेला एक गिटार देते आहे. ती सांभाळणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण आपल्या हवेत लाकडी वाद्य सांभाळणं हे मोठं काम आहे. खाऱ्या वाऱ्याने तारा बघता बघता गंजतात, म्हणून वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने पुसायची, खालच्या बाजूनेसुद्धा. पावसाळ्यात लाकूड पाणी पितं, पोट फुगतं, तारा दांडीपासून उंच होतात आणि दाबायला जड जातात. जून ते सप्टेंबर गिटार भिंतीला टांगू नये, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी आणि पुड्या मधूनमधून बदलाव्यात. शाळा बरेच दिवस बंद राहणार असेल तर तारा थोड्या सैल कराव्यात. बारीक ई सगळ्यांत आधी तुटते, तिचे जास्तीचे नग खोक्यात ठेवले आहेत. कॅपोही आहे.

आता मुखड्याचे कॉर्ड. कॅपो पहिल्या पडद्यात. पहिली ओळ जी वर सुरू होते, अर्ध्यावर ई मायनर, शेवटच्या शब्दाला पुन्हा जी. दुसरी ओळ ई मायनरवरून उचललेल्या डी वर येते आणि तिथेच थांबते, मग ध्रुवपद धरताना जी. दुसऱ्या ओळीच्या शेवटी पूर्ण डी वाजवायचा मोह होईल, तो जास्त गोड लागतो. पण तिथे नी येतो, तेव्हा बोट उचललेलंच ठेवा.

अंतऱ्याचे कॉर्ड मला पाठ आहेत, पण ते मुद्दाम लिहीत नाही. पेटी शाळेत आहे, गिटारही आता आहे. आठवी-नववीच्या मुलामुलींनी एकत्र बसून ओळ म्हणावी, ती कुठे टेकते ते बघावं आणि जी, ई मायनर, उचललेला डी यांतला कुठला लागतो ते शोधावं. तिसऱ्या ओळीला दोन कॉर्ड चालतात. तुम्ही कुठला घेतला ते मला कळवा.