शिष्यवृत्तीचा वर्ग आणि बुज्जीचे 21 डझन

पाचवीच्या शिष्यवृत्तीचा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा आधीच्या बाईंनी सराव प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा हातात ठेवला आणि वर सांगितलं, "गणितात आपली पोरं मार खातात, एवढं बघा." शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. मुलांच्या घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू-मराठी-हिंदीची मिसळ, वर्गात मराठी. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर टॉवेल काढतात. हिशेबाला ही मुलं कच्ची नाहीत, हे मला ठाऊक होतं. हजारी विड्यांची मजुरी, त्यातून खराब म्हणून बाजूला काढलेल्या वजा करून हातात किती पडले, हे ती तोंडी सांगतात. मग पेपरातच काय होतं?

ज्यांच्या घरात ही परीक्षा कधी आली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पूर्वी ती चौथी-सातवीला असायची, 2016-17 पासून पाचवी-आठवीला आली. दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न, 150 गुण आणि दीड तास. पहिल्यात भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न, दुसऱ्यात इंग्रजीचे 25 आणि बुद्धिमत्तेचे 50. पाचवीच्या पेपरात चार पर्याय, एक बरोबर, चुकलं तरी गुण कापत नाहीत. हिशेब केला तर एका प्रश्नाला 72 सेकंद मिळतात. त्यात वाचायचं, सोडवायचं आणि उत्तरपत्रिकेवरचा गोल रंगवायचा.

फॉर्म भरण्यावर फार लिहीत नाही. आधारवर आडनाव एका तऱ्हेने, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवर दुसऱ्या तऱ्हेने. आमच्याकडच्या तेलुगू आडनावांचं हे दरवर्षीचंच आहे. फॉर्मच्या मुदतीची वाट न बघता जूनमध्येच ते निस्तरावं, एवढंच सांगेन.

खरं काम सराव पेपरांपासून सुरू झालं. वर्गात एक मुलगी आहे, तिला आपण बुज्जी म्हणू. बुद्धिमत्तेत आकृत्या, आरशातली प्रतिमा, संख्यांची मालिका यात ती क्वचितच चुकायची. गणितात मात्र निम्म्यावर अडायची. एका पेपरात प्रश्न होता: दुकानदाराने 3 ग्रोस पेन्सिली आणल्या, 15 डझन विकल्या, तर किती पेन्सिली उरल्या? पर्याय होते 612, 180, 21 आणि 252. बुज्जीने 21 चा गोल रंगवला होता. तिला जवळ बोलावून विचारलं, कसं केलंस? ती म्हणाली, "तीन ग्रोस म्हणजे छत्तीस डझन. पंधरा गेले, एकवीस उरले की मॅडम."

बरोबरच होतं तिचं. 21 डझनच उरले होते. विचारल्या होत्या पेन्सिली, म्हणजे 252. पण 21 म्हणणारी बुज्जी आणि 612 म्हणणारा तिच्या शेजारचा मुलगा, दोघांना मिळणार शून्यच. त्याने 432 मध्ये 180 मिळवले होते. 180 लिहिणाऱ्याने विकलेल्या पेन्सिली मोजल्या आणि तिथेच थांबला. पेपर काढणारा चुकीचे पर्याय उगाच देत नाही, मूल जिथे घसरतं तीच उत्तरं तो समोर मांडून ठेवतो. मग ती घसरण आपण का वाचू नये?

त्या दिवसापासून मी एक वेगळी वही घातली. आडव्या ओळीत मुलं, उभ्या रकान्यात प्रश्न. बरोबर असेल तर रकाना कोरा, चुकलं असेल तर मुलाने निवडलेल्या पर्यायाचा आकडा. एकूण गुण मी त्या वहीत लिहिलेच नाहीत, ते मुख्याध्यापकांना हवेत म्हणून वेगळ्या कागदावर. वही भरायला वेळ जातो, नाही म्हणत नाही. पण भरली की वर्ग उलगडतो. एका रकान्यात सगळीकडे तोच चुकीचा आकडा असेल तर तो धडा पुन्हा शिकवायचा. एक, तीन, चार असे विखुरलेले आकडे असतील तर पोरांनी अंदाजाने गोल मारलेत. शेवटचे दहा-बारा प्रश्न सोडलेलेच असतील तर गणित येतं, वेळ पुरत नाही.

सगळ्यात मोठा उलगडा झाला तो "खालीलपैकी चुकीचे विधान कोणते" या प्रश्नांचा. जवळजवळ अख्ख्या वर्गाचं उत्तर पर्याय 1. पहिलं विधान वाचलं, बरोबर वाटलं, गोल रंगवला, पुढे! "चुकीचे" हा शब्द त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलाच नव्हता. म्हणजे मार गणितात बसत नव्हता, वाचण्यात बसत होता. घरी मराठी नसलेल्या मुलाला लांब वाक्य वाचताना आकडे तेवढे दिसतात, कारण ते ओळखीचे असतात.

मग सोडवणं कमी केलं आणि वाचणं वाढवलं. आठवडाभर गणिताच्या तासाला उत्तर काढायला बंदी. प्रश्न वाचायचा, शेवटचं वाक्य अधोरेखित करायचं, "नाही", "चुकीचे", "वगळता" यांना गोल करायचा, आणि काय विचारलंय ते शेजाऱ्याला सांगायचं. तेलुगूत सांगितलं तरी चालेल. त्यावर शिक्षक-खोलीत थोडी कुरबुर झाली, परीक्षा मराठीत आहे ना म्हणून. असू दे. शेजाऱ्याला समजावताना बुज्जीचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला.

गोल रंगवण्याचंही एक आहे. अवघड प्रश्न सोडून मूल पुढे जातं, पण गोल मात्र सोडलेल्या ओळीतच रंगवतं, आणि तिथून खाली सगळी उत्तरं एकेका घराने सरकतात. पेनने केलेलं खोडता येत नाही. उपाय साधा: उत्तरपत्रिकेवर पट्टी ठेवायची आणि ती प्रश्नागणिक खाली सरकवायची.

जानेवारीत गड्डा आला. सिद्धेश्वराची यात्रा, अक्षता सोहळा, होम मैदानावरचे पाळणे; त्या दिवसांत सोलापुरात जादा तास घेणाऱ्या बाईंकडे कोण येणार? मीही घेतले नाहीत. त्या वर्षी परीक्षा 9 फेब्रुवारी 2025 ला होती, यात्रेनंतर मिळाले त्या दिवसांत नवीन काहीच न शिकवता जुने पेपर तेवढे घेतले.

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी बुज्जीची आई भेटली. "मॅडम, पास झाली की पैसे मिळतात ना?" मी खरं ते सांगितलं. दोन्ही पेपरांत 40-40 टक्के मिळाले की मूल पात्र ठरतं, पण शिष्यवृत्ती गुणवत्ता यादीतल्यांनाच मिळते. वर्षाला 5,000 रुपये, तीन वर्षं. हा फरक बऱ्याच पालकांना निकालानंतर कळतो आणि मग ते मुलावर चिडतात. मधल्या सुट्टीत पहिल्या पेपरवर कुणी बोलायचं नाही, असं मी मुलांना बजावलं होतं. डबे उघडेपर्यंत त्यांनी ते पाळलं!

बुज्जी पात्र ठरली, यादीत आली नाही. वर्गाचे गणिताचे गुण वाढले. भाषेचे जवळपास होते तिथेच राहिले, कारण उताऱ्यावरच्या प्रश्नांना पट्टी आणि अधोरेखन पुरत नाही. त्यासाठी गोष्टीची पुस्तकं वाचलेली लागतात, आणि ती एका वर्षात वाचून होत नाहीत. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत मात्र शाळेची टक्केवारी एका आकड्यात वाचली गेली आणि पुढची शाळा घेतली.

आता परीक्षा पुन्हा चौथी-सातवीकडे चालली आहे. चौथीच्या बाईंनी माझी वही मागून नेली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "हे एवढे रकाने रोज भरता?" रोज नाही, दर पेपरला, असं सांगितलं. त्यांनी एक सुधारणा केली आहे: रकाने मुलांकडूनच भरून घेतात. त्यामुळे आपण कुठला पर्याय का निवडला, हे मुलं आधी एकमेकांनाच विचारतात.